ओला पाइप बिछान्याखाली नको

निपाणीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, मुद्द्याचं तेवढं देतो.

"नमस्कार. गेल्या वर्षी जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली आणि तिची मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, करून घेतली. आत छोटा संडास, खाली 80 लिटरची मैल्याची टाकी, आणि भांडी-आंघोळीच्या पाण्याची 100 लिटरची वेगळी टाकी. टाक्या रिकाम्या करायला तीन इंची, आवळला की लहान होणारा पाइप आहे, दहा-दहा फुटांचे दोन तुकडे. ते पोत्यात भरून मागच्या बिछान्याखाली ठेवतो. पिण्याचं पाणी भरायचा पाइपही तिथंच असतो. दिवाळीत गोव्याला गेलो. येताना आंबोलीचा घाट चढायला लागलो आणि असा वास सुटला की सगळ्या खिडक्या उघडून यावं लागलं. तेव्हापासून आई त्या गाडीत चहासुद्धा घेईना. ड्रायव्हरमामा पाइपाला हात लावायला तयार नाहीत. फॅब्रिकेटर म्हणतो, बिछान्याखाली पत्र्याची पेटी करून देतो, वास बंद. सासरे म्हणतात, टपावर बांध, उन्हानं वाळेल. माघात चिंचलीला मायाक्काच्या जत्रेला मुक्कामी जायचं आहे आणि आई यायलाच पाहिजे. काय करू?"

दादा, आधी फॅब्रिकेटरला फोन करून काम थांबवा. बिछान्याखाली पेटी केलीत तर वास पेटीत साठेल आणि झाकण उघडलं की एकदम अंगावर येईल. शिवाय तो पत्रा. मैल्याच्या पाण्यात क्षार असतात, अमोनिया असतो. साधा पत्रा सांध्यापासून गंजायला लागतो, मग तेच पाणी खालच्या प्लायवूडमध्ये मुरतं, आणि ते काढायचं तर सगळा बिछाना उचकटावा लागतो. पेटी चांगली होईल की वाईट हा प्रश्नच नाही. ज्या हवेत तुम्ही झोपता आणि स्वयंपाक करता, त्या हवेत हा पाइप नको, एवढं एकदा ठरलं की पुढचं सगळं सोपं आहे.

वास येतो कुठून ते बघा. आवळणाऱ्या पाइपाला आतून कड्याच कड्या असतात. वरवर धुतला तरी प्रत्येक कडीच्या खाचेत थोडं पाणी आणि त्याबरोबर थोडी घाण राहते. तुम्ही तो तसाच ओला पोत्यात कोंबता आणि तोंड बांधता. आत हवा खेळत नाही, म्हणून हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंचं फावतं, आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यासारखा वास तो हाच. हा वायू अगदी लेशभर असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. आता आंबोली. खाली सावंतवाडीकडून वर गावापर्यंत सहा-सातशे मीटर चढ आहे. तेवढ्या चढाला बाहेरच्या हवेचा दाब सात-आठ टक्क्यांनी उतरतो, आणि बंद जागेत कोंडलेली हवा फुगून बाहेर यायला बघते. घाटात वेफर्सची पाकिटं टम्म होतात ती याच कारणाने. तुमचं पोतंही त्या दिवशी तेच करत होतं, फक्त त्याचं तोंड वेफर्सच्या पाकिटाइतकं पक्कं नव्हतं.

पण सगळा दोष पाइपावर टाकण्याआधी एक तपासणी करा. पाइप घरी ठेवून, टाकीत थोडं पाणी-मैला असताना, तवंदी घाटातून संकेश्वरपर्यंत एक फेरी मारून या. वास आला नाही तर चोर पाइपच. आला, तर संडासाच्या भांड्याखालची रबरी सील बघा. भांड्यात पाणी ओतून ठेवा. अर्ध्या तासात ते हळूहळू खाली गेलं तर सील गेली आहे किंवा तिच्यात कागदाचा कपटा अडकला आहे. तीही ठीक असेल तर टाकीची हवा बाहेर काढणारी नळी टपापर्यंत गेली आहे ना, की करणाऱ्याने मध्येच भिंतीत सोडून दिली आहे, ते पाहा. आपल्याकडे मोटरहोम करून देणारे बरेच जण मूळचे बसच्या बॉडीचं काम करणारे. सीट, पत्रा, वायरिंग यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण संडासाला हवेची नळी लागते हे त्यांतल्या काहींना गिऱ्हाईकाने तक्रार केल्यावरच कळतं.

आता पाइप धुण्याचं. ठेवण्यापेक्षा यात जास्त आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

टाक्या रिकाम्या करताना आधी मैल्याची, मग सांडपाण्याची, हा क्रम पाळा. मैला निघून गेला की त्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मग भांडी-आंघोळीच्या टाकीचा पूर्ण उघडा. ते साबणाचं पाणी जोरात येतं आणि पाइप आतून बऱ्यापैकी धुऊन नेतं. म्हणून मुक्कामात सांडपाण्याची टाकी आधीच सोडून मोकळे होऊ नका, तिच्यात निदान तीस-चाळीस लिटर शिल्लक ठेवा. हे पाणी फुकटचं आहे आणि नाही तरी जाणारच आहे.

मग दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. गाडीकडचं टोक सोडवलं की लगेच गाडीच्या तोंडावर झाकण बसवा, कारण तिथून शेवटचे चार थेंब पडतातच. खाली एक जुनी परात ठेवलीत तर जमीन खराब होत नाही. आता पाइपाचं हे सुटलेलं टोक कमरेइतकं वर धरायचं आणि दुसरं टोक ज्यात सोडलंय त्या संडासाच्या लाइनच्या चेंबरच्या दिशेने हात-हात सरकवत चालत जायचं. पाइप पुढे-पुढे उचलला जातो आणि पोटात साठलेलं पाणी चेंबरमध्ये निघून जातं. पुष्कळ जण इथं घाई करतात, पाइप सरळ ओढून गोळा करतात, आणि मग गाडीत लिटरभर पाणी घेऊन फिरतात. चालत गेल्यावर वरच्या टोकातून अर्धी बादली स्वच्छ पाणी ओता, टोक वर-खाली हलवा, पुन्हा तसंच चालत जा. दुसऱ्या वेळी जे पाणी बाहेर येतं ते बघायचं. गढूळ आलं तर तिसरी बादली. स्वच्छ आलं की पाइप ताणून धरा आणि दोन-तीनदा झटका द्या, कड्यांच्या खाचांतलं पाणी निघतं. सगळ्यात शेवटी बाहेरून फडका. बाहेरची बाजू सगळे विसरतात, आणि हाताला लागते ती तीच.

दर मुक्कामाला औषध घालायची गरज नाही. घरी परत आल्यावर एकदा, दहा लिटर पाण्यात 200 मिली घरगुती लिक्विड ब्लीच मिसळून पाइपात फिरवा, दहा मिनिटं राहू द्या आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. यापेक्षा कडक केलंत तर रबरी रिंगा टणक होतात आणि सांध्यातून गळायला लागतं. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एका बादलीत, एका पाइपात, एका टाकीत एकत्र येता कामा नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. उघड्या अंगणातही त्याचा ठसका बसतो, आणि ट्रॅव्हलरच्या मागच्या दाराशी वाकून काम करणाऱ्या माणसाच्या तो थेट छातीत जातो.

धुतलेला पाइप घरी आल्यावर वाळवायचा. हिवाळ्या-उन्हाळ्यात पडवीत दोन खुंट्यांवर, एक टोक उंच आणि एक खाली असा, दोन्ही तोंडं उघडी ठेवून लटकवा. सावलीत. भर उन्हात दिवसच्या दिवस टाकलात तर प्लॅस्टिक कडक होतं आणि आवळताना कड्यांवर बारीक चिरा पडतात. पावसाळ्यात निपाणीत निदान मधून मधून ऊन पडतं, खानापूर-कणकुंबीकडच्या वाचकांना तेवढंही नशिबात नसतं. त्यांनी गोठ्याच्या किंवा शेडच्या आढ्याला लटकवून चार-पाच दिवस तसाच राहू द्यावा. वारा लागला की पुरे.

पाइपाच्या जागेकडे वळतो. गाडीच्या खाली, बाहेरच्या बाजूला, त्याच्यासाठी एक नळकांडं बसवून घ्या. त्यासाठी वेगळं काही मागवायला नको. बांधकामात संडासाच्या लाइनला जो करड्या रंगाचा एसडब्ल्यूआर पाइप वापरतात, तोच घ्यायचा. हार्डवेअरच्या दुकानात तो 75, 110 आणि 160 मिलिमीटर अशा मापांत मिळतो. दुकानदार तीन इंची पाइपासाठी 110 चा देईल, आणि तुम्हीही म्हणाल बरोबर आहे. पण थांबा. पाइप तीन इंची असला तरी त्याच्या टोकाच्या कपलिंगला, म्हणजे गाडीला जोडायच्या तोंडाला, पकडीचे कान असतात, ते 110 च्या तोंडात अडकतात. म्हणून 160 चाच घ्या. दुकानात जाताना कपलिंग बरोबर न्या आणि तिथंच घालून बघा. लांबी किती, हे मी इथून सांगू शकत नाही आणि फॅब्रिकेटरनेही अंदाजाने सांगू नये. पाइपाचा एक तुकडा पूर्ण आवळा, कपलिंगसकट मोजा, त्यात अर्धा फूट मिळवा. ती तुमची लांबी. दोन तुकडे आहेत, तर दोन नळकांडी. एकाच लांब नळकांड्यात दोन्ही मागे-पुढे घातलेत तर आतला तुकडा काढायला दर वेळी गाडीखाली आडवं व्हावं लागेल.

नळकांड्याच्या पुढच्या टोकाला कायमचं झाकण, सॉल्व्हंट सिमेंट लावून. मागच्या टोकाला आट्यांचं, फिरवून उघडणारं झाकण. ते नाही मिळालं तर साधं झाकण बसवून आरपार एक स्टीलची पिन घाला, आणि पिन साखळीने नळकांड्यालाच बांधा, नाही तर पहिल्याच मुक्कामात ती गवतात जाते. तोंड मागच्या दिशेला का, तर पुढच्या दिशेला ठेवलंत तर चाकांनी उडवलेला लाल चिखल झाकणाच्या फटीतून आत जातो. जांबोटीच्या रस्त्याने पावसाळ्यात एकदा गेलात तर बाहेरून गाडीचा रंग कळणार नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

बसवताना नळकांडं मागे थोडं उतरतं ठेवा, तीन फुटांना अर्धा इंच पुरे. तळाशी मागच्या बाजूला आठ मिलिमीटरची तीन-चार भोकं, आणि पुढच्या टोकाला वरच्या अंगाला दोन. खालून पाणी जातं, वरून हवा येते, आणि गाडी चालू असताना आत वारा खेळत राहतो. भोकांवर आतून बारीक स्टीलची जाळी चिकटवायला विसरू नका. तुमची गाडी उसाच्या रानाशेजारी उभी राहत असणार, आणि बंद, कोरडी, गोल जागा दिसली की उंदीर तिथं बाळंत होतात. त्यांच्यापेक्षा चिवट ती कुंभारीण माशी. पंधरवडाभर गाडी हलली नाही तर ती भोकात मातीचं घर बांधून टाकते, अगदी गिलावा केल्यासारखं गुळगुळीत, आणि बाहेरून बघितलं तर भोक होतं हेसुद्धा कळत नाही. जाळी असली तरी प्रवासाला निघण्याआधी भोकांतून एक काडी फिरवा.

आता नळकांडं टांगायचं कशावर? चासीच्या मुख्य दांड्यांना वेल्डिंग नको आणि नवीन भोकही नको. तिथं ताण असतो, भोकापासून चीर धरते, आणि चासीला हात लावलात की पुढं आरटीओचेही प्रश्न उभे राहतात. आडव्या पट्ट्यांना आधीपासून भोकं असतात, ती वापरा. लोखंडी पट्टीचे गोल क्लॅम्प, आत रबराची पट्टी, आणि नायलॉक नट, म्हणजे हादऱ्याने सुटत नाहीत. दोन-दोन फुटांवर एक क्लॅम्प. मागच्या ॲक्सलच्या मागे फार खाली नको, कारण घाटाच्या वळणावर किंवा शेताच्या बांधावरून उतरताना गाडीची शेपटी टेकते. दोन ॲक्सलच्या मधली जागा चांगली, पण तिथं सायलेन्सर कुठून जातो ते आधी बघा. तुमची गाडी जुनी असली तर थोडी मोकळीक आहे. 2020 नंतरची बीएस-सिक्स डिझेल असेल, तर तिच्या एक्झॉस्टमध्ये काजळी जाळणारा फिल्टर असतो, आणि तो काजळी जाळताना आतली उष्णता पाचशे अंशांच्या वर जाते. नळकांड्याचा पीव्हीसी तर ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतो. त्यामुळे नळकांडं एक्झॉस्टच्या दुसऱ्या अंगाला, आणि तेही जमत नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा. इथं फॅब्रिकेटरला पत्रा वापरू द्या, त्याचीही हौस भागेल.

हे काम निपाणीत होईल. नाही जमलं तर बेळगावात उद्यमबागला जा. तिथं अगदी बारीक मापावर मशीनचे भाग करणारी माणसं आहेत, तुमचे दोन क्लॅम्प त्यांना चहाच्या वेळातलं काम. मात्र कागदावर चित्र काढून न्या आणि पाइप बरोबर न्या. कशासाठी पाहिजे हे कानडीत किंवा मराठीत, जे त्यांना सोयीचं, त्यात स्पष्ट सांगा. लाजू नका. "पाण्याचा पाइप ठेवायचाय" असं सांगितलंत तर ते नळकांडं पिण्याच्या टाकीच्या तोंडाशेजारी बसवून देतील, सोयीचं म्हणून.

नळकांड्यात ठेवताना पाइपाच्या दोन्ही टोकांना त्याची झाकणं लावायची का, यावर गाडीवाल्यांत दोन पक्ष आहेत. माझं मत असं. रस्त्यावर असताना लावा, कारण कितीही झटकला तरी पहिल्या तासात थेंब गळतात आणि ते मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर उडू नयेत. मुक्कामी पोचलात की नळकांड्याचं झाकण आणि पाइपाची झाकणं दोन्ही उघडी टाका. घरी तर पाइप बाहेरच हवा.

सासऱ्यांना नाराज करायचं नाही, पण टपावर पाइप नको. उन्हाचं वर सांगितलंच. दुसरं असं, की टपावरून काही गळलं तर ते खिडकीच्या काचेवरून, एसीच्या फटीतून, संडासाच्या हवेच्या नळीशेजारून खाली येतं, म्हणजे पुन्हा घरात. आणि चढवायला-उतरवायला कोण? ओला पाइप खांद्यावर घेऊन शिडी चढणारा माणूस तुमच्या घरात एकच आहे, आणि ते सासरे नव्हेत.

ड्रायव्हरमामांचं मात्र मला पटलं. त्यांना गाडी चालवायला ठेवलंय, हे काम त्यांच्या बोलीत नव्हतं. दुसऱ्याचा मैला कोणी हाताळायचा, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून ठरत आलं. हाताने मैला साफ करून घेण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आली तरी ती सवय अजून पुरती मोडलेली नाही. तुमचा पाइप त्या कायद्यात बसतो का, ही वकिली मी करत नाही. गाडी तुमची, संडास तुमच्या घरच्यांचा, पाइप तुम्ही धरा. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे दोन जोड, एक लहान झाकणाची बादली, साबण, जुनी परात आणि फडकी एवढं एका ठिकाणी ठेवा, तेही बाहेरच्या कप्प्यात. मोजे काढताना आतली बाजू बाहेर येईल असे काढा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय गाडीच्या दाराच्या कडीला हात लावू नका. कडीला लागलं की पुढं नातवाच्या हाताला, आणि तिथून बिस्किटाला.

आईंचं म्हणणं तर शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्यांच्या रागाचं मूळ मला वासापेक्षा त्या दुसऱ्या पाइपात दिसतं. पिण्याचं पाणी भरायचा पाइप आणि मैल्याचा पाइप एका पोत्याशेजारी! त्या गाडीतला चहा मीही घेणार नाही. पिण्याचा पाइप आजच बदला. जुना धुऊन वापरू नका, त्याला पाइप धुण्याच्या कामाला लावा आणि त्याच्या टोकाला लाल रंग मारा. नवा पाइप खाद्यपदार्थांसाठी चालतो असं लिहिलेला, पांढरा किंवा निळा घ्या. त्याची जागा गाडीच्या दुसऱ्या अंगाला, पुढच्या बाजूला, झाकणाच्या स्वच्छ डब्यात. दोन्ही टोकं एकमेकांना जोडून ठेवली की आत धूळ आणि किडे जात नाहीत. जमल्यास त्याचं कपलिंग वेगळ्या मापाचं घ्या, म्हणजे अंधारात घाईने कोणी लाल टोकाचा पाइप पिण्याच्या टाकीला लावायला गेला तरी तो बसणारच नाही. आणि मुक्कामी पोचलात की आधी पिण्याचं पाणी भरून घ्या, पाइप आत ठेवा, झाकण लावा, आणि मगच मैल्याच्या बाजूला वळा. मधला क्रम कधीही उलटा करू नका, कितीही उशीर झाला असला तरी. हे सगळं आईंच्या समोर करा. त्यांना उभं राहून बघू द्या, आणि एखादी गोष्ट त्यांना खटकली तर ऐका.

पाइप दर वर्षी एकदा तपासा. एक टोक झाकणाने बंद करून उभा धरा आणि पाणी भरा. बहुतेक वेळा गळती मधे नसते, कपलिंगच्या मानेशी असते, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथं येतो. तिथं चिकटपट्टी गुंडाळू नका, ती दोन दिवस टिकते आणि मग घाणीचं घर होते. मानेपासून तीन-चार इंच कापून कपलिंग पुन्हा बसवता येतं. मधेच चीर पडली असेल तर तुकडा टाकून द्या. इथं आपल्या भागातली एक खोड आड येते. आपण काही टाकत नाही. तुमच्या मळ्यातल्या इंजिनच्या सक्शन पाइपाला हा जुना तुकडा जोडायची कल्पना कुणाला तरी नक्की सुचेल, आणि मग तो विहिरीत उतरेल. तेव्हा टाकण्याआधी त्याचे चार तुकडे करा.

तोच हिरवा शेतीचा सक्शन पाइप टाकी रिकामी करायला वापरला तर चालेल का, असं बेळगावकडचे बरेच गाडीवाले विचारतात. चालतो. जाड असतो, काट्याने फुटत नाही. पण तो आवळत नाही, त्याचं मोठं वेटोळं करावं लागतं, आणि वेटोळ्याच्या प्रत्येक फेऱ्यात तळाशी पाणी राहतं. तुमच्याकडे आवळणारा आहे, तोच बरा.

आता चिंचली. संडासाच्या एका वापराला दीड-दोन लिटर पाणी धरलं, तर 80 लिटरमध्ये चाळीस-पन्नास वापर होतात. पाच माणसं असतील तर जेमतेम दोन दिवस. जत्रेत गाड्यांची आणि बैलगाड्यांची एवढी गर्दी असते की मधेच बाहेर निघून कुठं रिकामी करून येऊ म्हटलं तर जमणार नाही. म्हणून निघताना टाकी घरीच रिकामी करून, तळाला पाच लिटर स्वच्छ पाणी टाकून निघा, म्हणजे पहिला मैला कोरड्या तळाला चिकटत नाही. दिवसा जिथं सोय असेल तिथं बाहेरचे संडास वापरा, रात्रीपुरता आणि आईंपुरता आतला ठेवा. मग टाकी परतीपर्यंत पुरते. वाटेत रिकामी करायचीच झाली तर एखाद्या लॉजच्या किंवा ओळखीच्या घराच्या सेप्टिक टाकीत, मालकाला विचारून, आणि त्याच्या टाकीत जागा आहे का हेही विचारून. ओढ्यात नाही, चरीत नाही. वेदगंगा पुढं दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला, आणि त्या सगळ्या काठांवर नळयोजना आहेत. कणकुंबीच्या बाजूला तर मलप्रभा उगमापाशीच आहे, आणि तिचं पाणी पुढं हुबळी-धारवाड पितं. कोणीतरी म्हणेल, उसात सोडा, खत होईल. ताज्या मैल्यात जंतांची अंडी असतात आणि ती मातीत महिनोन्‌महिने जगतात. सरीत अनवाणी उतरणाऱ्या बाईला ते खत नको आहे.

आणि घरचं चेंबर जाण्याआधी एकदा मोजा. तुमच्या टाकीचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे आणि चेंबरचं झाकण किती, हे टेपने बघा. आपल्याकडच्या घरांत चेंबर पुष्कळदा जोत्याबरोबर बांधलेलं असतं, म्हणजे अंगणापेक्षा फूटभर वर, आणि मग गाडीचं तोंड खाली पडतं. पाणी चढ चढत नाही, ते पाइपाच्या पोटात साठतं आणि तुम्ही कितीही धुतलंत तरी तिथंच राहतं. दहा फुटांना अडीच इंच उतार मिळाला पाहिजे, आणि पाइप मधे कुठं लोंबू नये म्हणून खाली विटांवर एक फळी. उतार मिळतच नसेल तर गाडीची मागची चाकं फळ्यांवर चढवून बघा. तरीही नाही मिळाला तर मैला बारीक करून ढकलणारा पंप घ्यावा लागेल. त्याचा पाइप एक इंची असतो, आणि मग 160 च्या नळकांड्याची गरजच राहत नाही. म्हणून हे माप आधी, हार्डवेअरच्या दुकानात नंतर.